वाक्ये रचणारे यंत्र आणि व्याकरणाचे अध्यापन : पॅपर्ट यांच्या एका उदाहरणाची चिकित्सा

सेमूर पॅपर्ट यांचा ‘माइंडस्टॉर्म्स’ हा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. शाळेतील संगणकाविषयी पुढे जे विपुल लेखन झाले, त्यातील बराच भाग या ना त्या प्रकारे या ग्रंथाशी जोडलेला आहे. मात्र त्याची चर्चा बहुतेक गणिताच्या अंगानेच होत आली. ग्रंथात भाषेसंबंधी आलेला एक लहानसा प्रसंग भाषेच्या अभ्यासकांकडून दुर्लक्षितच राहिला. वस्तुतः संपूर्ण ग्रंथाच्या भूमिकेची खरी कसोटी त्याच प्रसंगात लागते.

पॅपर्ट १९२८ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मले. जिनीव्हा येथे त्यांनी प्याजे यांच्यासमवेत काम केले आणि नंतर ते मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत आले. वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्या सहकार्याने १९६७ साली त्यांनी मुलांकरिता ‘लोगो’ ही आज्ञाभाषा सिद्ध केली. हे नाव ‘शब्द’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे, आणि ते सार्थही आहे. आज लोगो म्हटले की रेषा काढीत फिरणारे कासव डोळ्यांपुढे येते. पण कासव मागाहून आले. प्रारंभीच्या लोगोची मूळ सामग्री शब्द आणि शब्दांच्या याद्या हीच होती. १९६८-६९ मध्ये लेक्सिंग्टन येथील मझी या माध्यमिक शाळेतील सातवीच्या मुलांना ती शिकविली गेली, तेव्हा आकृत्या दाखविणारा पडदाही नव्हता; टेलिटाईपवर अक्षरे कागदावर उमटत असत.

ग्रंथात वर्णिलेला प्रसंग असा. सातवीतील काही मुले यंत्राकडून वाक्ये रचून घेण्याच्या उद्योगास लागली होती. शब्दांच्या निरनिराळ्या याद्या करावयाच्या, वाक्याचा साचा ठरवावयाचा, आणि यंत्राने प्रत्येक जागी वाटेल तो शब्द उचलून ठेवावयाचा. अभ्यासात सामान्य गणली गेलेली तेरा वर्षांची एक मुलगी या कामात असताना एके दिवशी तिला एकाएकी उमगले की नाम आणि क्रियापद हे भेद कशासाठी असतात. तोवर शाळेने त्या व्याख्या तिच्याकडून अनेकदा घोटून घेतल्या होत्या; पण शब्दांची अशी वर्गवारी करण्याचे प्रयोजनच तिला कधी दिसले नव्हते. यंत्राला याद्या वेगळ्या करून दिल्यावाचून ते वाक्य रचीत नाही, हे पाहताच ते दिसले.

प्रसंग हृद्य आहे, आणि त्याच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. प्रश्न आहे तो त्यातून पॅपर्ट काय सिद्ध करू पाहतात हा. ग्रंथाचे मुख्य रूपक सर्वश्रुत आहे : फ्रान्समध्ये वाढणाऱ्या मुलास फ्रेंच भाषा जशी विनासायास येते, तसे गणित यावयाचे असेल तर मुलाला गणिताच्याच प्रदेशात राहावयास मिळाले पाहिजे, आणि संगणक हा तो प्रदेश होय. आता हे रूपक वरील प्रसंगास लावून पाहावे. ती मुलगी तेरा वर्षे नामांच्या आणि क्रियापदांच्याच प्रदेशात राहत होती. त्या प्रदेशाची ती जन्मजात रहिवासी होती; दिवसातून शेकडो वाक्ये बिनचूक बोलत होती. तरीही नाम म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते. म्हणजे वास्तव्याने भाषा आली, भाषेचे ज्ञान आले नाही. ते आले तेव्हा, जेव्हा भाषा मुळीच न येणाऱ्या एका जड वस्तूला ती शिकविण्याची पाळी तिच्यावर आली. ग्रंथातील सर्वांत प्रत्ययकारी उदाहरण ग्रंथाच्या मध्यवर्ती रूपकाच्या विरुद्ध साक्ष देते, ही गोष्ट पॅपर्ट यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

दुसरा मुद्दा निर्णयाचा. कासवाला चौरस काढावयास सांगितला आणि कोन चुकीचा दिला, तर आकृती मिटत नाही. चूक समोर रेखाटली जाते. वाक्ययंत्राचे तसे नाही. अशुद्ध वाक्य आणि शुद्ध वाक्य यंत्राच्या लेखी सारखेच. चूक कळते ती वाचणाऱ्याच्या कानाला. येथे न्यायाधीश यंत्र नसून विद्यार्थ्याचे स्वभाषेचे ज्ञान आहे, आणि हा भेद अध्यापनाच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे.

मराठीत हा प्रयोग करावयाचा झाल्यास तो कितीतरी अधिक फलदायी, आणि अर्थात अधिक अवघड, ठरेल. देवनागरी शब्दांच्या याद्या स्वीकारणाऱ्या पायथनसारख्या आज्ञाभाषा आज सहज उपलब्ध आहेत. नववीतील विद्यार्थ्यास असे यंत्र रचणे अशक्य नाही. कर्ता, कर्म आणि क्रियापद अशा तीन याद्या देताच यंत्र पहिल्याच दमात ‘मुलगी आंबा खातो’ असे वाक्य देईल. विद्यार्थी हसेल आणि कर्त्यांची यादी दोन भागांत विभागील. कारण वर्तमानकाळात ‘मुलगी खाते’ आणि ‘मूल खाते’ यांत भेद नसल्याने दोन भाग पुरतात. भूतकाळ येताच ‘मुलगी गेली’, ‘मूल गेले’ यांसाठी तिसरा भाग करावा लागेल. लिंगे तीन का मानावयाची, याचे उत्तर त्याला व्याख्येविना मिळालेले असेल.

खरी गंमत पुढे आहे. ‘मुलगीने आंबा खाल्ली’ या वाक्यात दोन दोष एकदम उघड होतात. प्रत्ययापूर्वी नामाचे रूप बदलते, हा एक. आणि क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही, कर्माकडे पाहते, हा दुसरा. इंग्रजीत कर्ता एकवचनी ठेवला की उरलेल्या जागा परस्परांस न विचारता भरता येतात. मराठीत कर्म निवडल्यावाचून ‘खाल्ला’ की ‘खाल्ली’ हे ठरविताच येत नाही. यंत्राचा क्रमच बदलावा लागतो. कर्माला ‘ला’ लागला, की ‘मुलीने मांजराला मारले’ येथे क्रियापद दोघांनाही सोडून नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर होते. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन प्रयोग, जे शालेय परीक्षेत केवळ ओळखावयाचे असतात, ते येथे बांधावे लागतात. त्यानंतर ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही, हे कळेल. आणि ‘ती धडा शिकली’, ‘तो नाव विसरला’ ही वाक्ये नियम मोडून उभी राहतील. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणात प्रयोगविचारास एवढी जागा का लागली, याची कल्पना विद्यार्थ्यास तो ग्रंथ न उघडताही येईल.

परंतु निर्णय कानाचा म्हटला की कोणाच्या कानाचा, हा प्रश्न टळत नाही. ज्याच्या घरी ‘ती खाती’ म्हणतात, त्या पश्चिम महाराष्ट्रातील मुलाने ‘खाते’ हे रूप यंत्राची चूक म्हणून दुरुस्त केले, तर तो चुकला असे म्हणता येईल काय? त्याने बनविलेले यंत्र त्याच्या बोलीचे बिनचूक व्याकरण असेल. शिक्षकाने ते खोडले तर प्रयोगाचा प्राणच गेला. ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलतात, त्याच्यासाठी तर यंत्र त्याच्या स्वतःच्या भाषेचेच असावयास हवे.

शिक्षकाचे हे स्थान पॅपर्ट यांच्या ग्रंथात पुसटच राहते. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील पी आणि कर्लंड यांनी १९८४ मध्ये असे दाखविले की लोगो शिकलेल्या मुलांत कामाचे नियोजन करण्याचे कौशल्य न शिकलेल्या मुलांहून अधिक वाढलेले आढळत नाही. पॅपर्ट यांनी १९८७ मध्ये दिलेले उत्तर मार्मिक होते : केवळ यंत्राचा परिणाम मोजणे हीच मुळात यंत्रकेंद्रित दृष्टी आहे, आणि साहित्याची जशी समीक्षा होते तशी संगणकाचीही व्हावी. उत्तर मान्य केले, तरी ते त्यांच्या आधीच्या ग्रंथासही लागू पडते. वाक्ययंत्र हा विषय त्या वर्गात आला तो कोणीतरी तो समोर ठेवला म्हणून. भोवताली राहण्याने तो आला नाही.

नोव्हेंबर २०२२ पासून चॅटजीपीटीसारखी यंत्रे माध्यमिक विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. ती मराठीत बहुशः शुद्ध वाक्ये देतात. ‘मुलगी आंबा खातो’ असे क्वचितच लिहितात. नेमक्या याच कारणाने या विशिष्ट कामास ती निरुपयोगी आहेत. त्यांना नियम कोणी हाताने दिलेले नसतात, आणि त्यांच्या पोटात शिरून ते वाचताही येत नाहीत.

मग यंत्र तरी कशाला, चिठ्ठ्या उचलून हा खेळ होणार नाही काय, असे कोणी विचारील. काही अंशी होईलही. पण ‘मुलगी’, ‘ने’, ‘आंबा’, ‘खाणे’ अशा चार चिठ्ठ्या हाती आलेला विद्यार्थी वाचता वाचता नकळत ‘मुलीने आंबा खाल्ला’ असेच म्हणून जातो; आपण काय दुरुस्त केले हे त्याला कळतही नाही. यंत्र मात्र ‘मुलगीने’ असेच छापते, आणि सांगितल्याखेरीज दहाव्या वेळीही तसेच छापते.