सुख म्हणजे काय, हे विचारणारा आवाज

आजचा विषय जाहीर झाला आणि एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. ‘सर, तुम्ही आणि प्रशांत दामले?’ त्याचं आश्चर्य रास्त होतं. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि नाटकं पाहिली ती बहुतेक छबिलदासला. दादरच्या मंडळींना सांगायला नको, छबिलदास शाळेपासून शिवाजी मंदिर चालत पाच-सात मिनिटांवर आहे. पण सत्तरच्या दशकात आम्हाला ते अंतर फार मोठं वाटायचं. छबिलदासला माणसाला प्रश्न पडतात आणि शिवाजी मंदिरात माणसं प्रश्न विसरायला जातात, अशी आमची सोयीची वाटणी होती. ती निदान अर्धी चुकीची होती, हे आज कबूल करायचंय.

आधी थोडा हिशोब मांडतो. दामल्यांची सुरुवात १९८३च्या ‘टूरटूर’पासून धरतात. पुरुषोत्तम बेर्डे यांचं नाटक, लक्ष्मीकांत बेर्डे त्यात होते. पुढे ‘मोरूची मावशी’, ‘गेला माधव कुणीकडे’, ‘एका लग्नाची गोष्ट’. बरीच वर्षं बेस्टची नोकरी सांभाळून हे चाललं होतं. ६ नोव्हेंबर २०२२ला षण्मुखानंद सभागृहात त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. एकोणचाळीस वर्षांत १२,५००, म्हणजे वर्षाला सरासरी तीनशे वीस. आपण देवपूजासुद्धा इतकी नेमानं करत नाही!

पण आकडा म्हणजे गुणवत्ता नव्हे. म्हणून गाण्याकडे येऊ.

आपल्याकडे गायक नटाची परंपरा मोठी. बालगंधर्वांचं पद सुरू झालं की नाटक थांबायचं. वन्स मोअर आला की पात्र बाजूला आणि गायक पुढे. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नसे. मग सिनेमा आला, त्यानं आवाज एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे अशी फाळणी केली. दामले या दोन्हींच्या मधे उभे आहेत. त्यांचा आवाज मैफलीचा नाही. तानेचा तोरा नाही, आणि तशी बतावणीही ते करत नाहीत. पण बोलण्याच्या पट्टीतून ते गाण्यात कधी शिरले हे कळत नाही. वाक्य बोलता बोलता सुरात येतं आणि परत वाक्य होतं. गाणारा माणूस आणि बोलणारा माणूस एकच राहतो. ऐकायला हे सोपं वाटतं, पण करून पाहा.

‘एका लग्नाची गोष्ट’मधलं ते सुखाविषयीचं गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. शब्द श्रीरंग गोडबोले यांचे, चाल अशोक पत्की यांची. मी चाळीसेक वर्षं वर्गात ॲरिस्टॉटलच्या आधारानं तोच प्रश्न विचारला आणि मुलं घड्याळाकडे बघायची. इथे हा माणूस भर नाट्यगृहात तोच प्रश्न विचारतो आणि लोक पुन्हा विचार म्हणतात. मला जरा असूया वाटली, खोटं कशाला बोलू?

फ्रेंच विचारवंत दिदेरो म्हणतो, नट रोज खरंखुरं भावनेत बुडाला तर तिसऱ्या प्रयोगाला रिकामा होईल. डोकं थंड असलेलाच नट पुन्हा पुन्हा तेच ताजं करू शकतो. दामले हे त्याचं उत्तम उदाहरण. शेकडो वेळा विचारलेला प्रश्न समोरच्या माणसासाठी पहिल्यांदाच विचारला जातोय असं वाटायला लावणं, यात कसब आहेच. समोरच्याचा आदरही आहे. गिरगाव-दादरमधून डोंबिवली-बोरिवलीला गेलेला, लोकलमध्ये दिवस काढणारा माणूस तिकीट काढून येतो. त्याला शिळं वाढायचं नाही, एवढी नीती त्यात आहे.

आता टीव्ही. ‘आम्ही सारे खवय्ये’ आमच्याकडे दुपारी लागायचं. सौभाग्यवती बघायच्या, मी पेपराआडून. समोरच्या बाईला कॅमेऱ्याची भीती वाटू न देता बोलतं करायचं, मधेच एखादी ओळ गुणगुणायची, पदार्थाला दाद द्यायची. हे सगळं त्यांच्या रंगमंचावरच्या हातोटीतूनच आलेलं. पण फरक पाहा. नाटकात त्या गोडव्याला अडथळा असतो. बायको रुसते, खोटं उघडं पडतं, फजिती होते. टीव्हीवर अडथळाच नाही. पदार्थ छानच होणार आणि दाद मिळणारच. टीव्हीनं त्यांचा गोडवा घेतला आणि त्या गोडव्याची परीक्षा घेणारा प्रसंग मात्र काढून टाकला.

माझी तक्रार इथेच सुरू होते, आणि ती टीव्हीपुरती नाही. सुखाचा प्रश्न विचारणारा तो आवाज आधीच इतका सुखी असतो की प्रश्न उघडा राहत नाही. टाळ्यांमध्ये उत्तर मिळून जातं. ‘संगीत संशयकल्लोळ’मध्ये मात्र त्यांनी फाल्गुनराव केला आणि गाण्याची धुरा अश्विनशेठ झालेल्या राहुल देशपांडे यांच्याकडे होती. गाण्याचा आधार फारसा नाही, आणि भूमिका संशयानं पोखरलेल्या नवऱ्याची. तिथे मला दुसरे दामले दिसले. तो गोडवा किंचित आंबट झाला होता. हसता हसता वाटलं, या माणसाचं घर खरंच मोडू शकतं. असे दामले आपण त्यांच्याकडे अधिक वेळा का मागितले नाहीत?

‘आपण’ म्हणालो, त्यात मी आलो. हाऊसफुल्लची पाटी बघून आम्ही छबिलदासवाले नाक मुरडून पुढे गेलो. जाणकारानं दाद आणि टोचणी दोन्ही द्यायची असते. आम्ही दोन्ही दिल्या नाहीत. ज्यांनी दाद दिली त्यांनी भरभरून दिली, पण ती त्याच दामल्यांना दिली. नट प्रेक्षकाचं ऐकतो, हा त्याचा गुण. मग त्याच्या मर्यादेतही आपला वाटा असतोच ना?

शिवाजी मंदिर आजही तिथेच आहे. पुढचा प्रयोग बघायला जाल तेव्हा वन्स मोअर जरूर द्या. फक्त गाणं संपल्यावर लगेच टाळी वाजवू नका. दोन क्षण थांबा. तो प्रश्न आहे, हे विसरू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊया.