जाहीरनामा वाचताना आधी तारीख शोधा

सार्वजनिक मजकूर कसा वाचायचा, हे आपण या मालेत बघत आलो आहोत. आज आम्ही जो मजकूर वाचायला घेतला आहे तो म्हणजे आंतरराष्ट्रीय शिखर परिषदांचे जाहीरनामे. सीमेपलीकडे जाणारे रस्ते, रेल्वे, बंदरं, व्यापार, आर्थिक सहकार्य, असे शब्द त्यात असतात. हे कागद दिल्लीत, जिनिव्हात, हाँगकाँगमध्ये लिहिले जातात. आपण बुलडाणा जिल्ह्यात राहून ते का वाचायचे? तर घाटाखालचा कापूस आणि घाटावरचा सोयाबीन, दोन्हींचा भाव त्या टेबलांशी बांधलेला आहे म्हणून.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना ते तपासता येईल. या परिषदा आपल्याला जे देऊ करतात त्याला तारीख नसते. आपल्यावर जे येऊन आदळतं त्याला मात्र पक्की तारीख असते. आणि ती आपल्याला ऐन पिकात कळते.

सुरुवात खामगावपासून करू, कारण जागतिक व्यापार इथे काल-परवा आलेला नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आलेलाच होता. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावचा कापूस बाजार मोठा, पण गाव मुख्य मार्गापासून बाजूला. म्हणून जलंब ते खामगाव असा तेरा-एक किलोमीटरचा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका तालुक्याच्या गावाच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! त्या काळची शिखर परिषदच म्हणा ना.

पण त्या फाट्यावरून काय जायचं आणि काय यायचं? रुईच्या गाठी बाहेर जायच्या, विलायती कापड आत यायचं. तेव्हाचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नक यांनी हे लपवून ठेवलेलं नाही. रेल्वे आली की विलायती कापड स्वस्तात पोचेल, इथला विणकर त्यापुढे टिकणार नाही आणि तो शेतीकडे वळेल, म्हणजे कापूस वाढेल, अशी आशा त्यांनी लिहून ठेवली आहे. त्या कागदाची भाषा आजच्या जाहीरनाम्यांपेक्षा प्रामाणिक होती, असं आम्हाला वाटतं. कुणाचा फायदा आणि कुणाची किंमत, हे त्यात स्पष्ट होतं.

आता त्याच्या शेजारी दुसरा मार्ग ठेवून बघा. खामगाव-जालना रेल्वे. चिखली, देऊळगाव राजा या घाटावरच्या पट्ट्याला रेल्वेशी जोडणारी ही मागणी शंभरहून अधिक वर्षांची आहे. सर्वेक्षणं झाली, आश्वासनं झाली, आंदोलनं झाली. गाडी अजून धावलेली नाही. जो मार्ग घेणाऱ्याला हवा होता तो युद्ध संपल्यावर पाच वर्षांत झाला. जो इथल्या लोकांना हवा आहे तो पिढ्यान्‌पिढ्या सर्वेक्षणात आहे. पायाभूत सुविधांवरचा कुठलाही जाहीरनामा वाचताना ही जोडी डोक्यात ठेवावी.

आता २०२३ कडे येऊ. भारताकडे जी-२० चं अध्यक्षपद होतं. पायाभूत सुविधा कार्यगटाची पहिली बैठक जानेवारीत पुण्यात झाली, व्यापार आणि गुंतवणूक गटाची मार्चअखेर मुंबईत. पायाभूत गटाचा मुख्य विषय होता उद्याच्या शहरांसाठी अर्थपुरवठा. शहरांसाठी, बरं का. बाजार समितीपर्यंतचा रस्ता, गोदाम, शीतगृह हे शहराच्या व्याख्येत बसत नाही. सप्टेंबरमध्ये दिल्लीत नेत्यांचा ८३ परिच्छेदांचा जाहीरनामा आला. त्याच वेळी, ९ सप्टेंबरला, भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक मार्गिकेचा सामंजस्य करार जाहीर झाला. भारत, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि युरोपीय संघ. समुद्रमार्ग, रेल्वे, विजेची आणि डेटाची केबल, हायड्रोजनची नळवाहिनी, असं भव्य चित्र.

हा करार वाचायला सोपा आहे, कारण तो अगदी छोटा आहे. त्यात दोन जागा महत्त्वाच्या. एका ठिकाणी म्हटलंय की ही राजकीय बांधिलकी आहे, यातून आंतरराष्ट्रीय कायद्याखाली कुठलेही हक्क किंवा जबाबदाऱ्या निर्माण होत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी म्हटलंय की साठ दिवसांत भेटून वेळापत्रकासह कृती आराखडा करण्याचा मानस आहे. मानस! अख्ख्या करारात एक मुदत, आणि तीही मानसाच्या आधारानं उभी. महिनाभरात, ७ ऑक्टोबरला, इस्रायल-गाझा युद्धाला तोंड फुटलं आणि ती मुदत तशीच उलटून गेली. युद्ध कुणाच्या हातात नव्हतं, हे मान्य. पण खर्च कुणाचा, कुठल्या बंदरातून माल जायचा, बंदरामागच्या मुलखाला काय मिळणार, हे युद्ध नसतं तरी त्या कागदात नव्हतंच.

इथे कुणी म्हणेल, समृद्धी महामार्ग झाला की! झाला. ७०१ किलोमीटर, आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा भागातून जातो, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही खुला झाला. त्यावर वाद आहेत, पण रस्ता झाला. तो कसा झाला? जमीन किती, मोबदला किती, कर्ज कुणाचं, टप्पा कुठला, हे सगळं ठरवून. शिखर परिषदेच्या करारात नेमक्या याच चार गोष्टी नसतात.

आता कापसाकडे. जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनला झाली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी तिथे कापसाचा प्रश्न मांडला. श्रीमंत देश, विशेषतः अमेरिका, आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देतात, त्यामुळे जगात भाव पडतो, हे त्यांचं गाऱ्हाणं. परिषद फिसकटली. पुढे २००५ ला हाँगकाँगमध्ये कापसाचा प्रश्न ‘महत्त्वाकांक्षेनं, त्वरेनं आणि विशेषत्वानं’ सोडवायचं ठरलं. तीन क्रियाविशेषणं, आणि देशांतर्गत अनुदान किती कमी करणार याचा आकडा नाही. निर्यात अनुदान बंद करण्याला तारखा मिळाल्या, हे खरं. पण भाव पाडणारी खरी गोष्ट देशांतर्गत अनुदान, ते तसंच राहिलं. २०२४ च्या अबू धाबी परिषदेतूनही शेतीवर काही निघालं नाही.

त्या त्वरेच्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत बुलडाणा होता.

आम्ही जागतिक व्यापाराच्या विरोधात बोलतोय, असा समज होऊ देऊ नका. शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाच्या वेळीच मांडलं होतं की खुल्या बाजारापेक्षा आपल्याच सरकारची बंधनं शेतकऱ्याला जास्त मारतात. त्यात तथ्य आहे. जगात भाव चढला की आपल्याकडेही चढतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या पलीकडे गेला तो काही गावच्या मर्जीनं नाही. आमची तक्रार वेगळी आहे: दार कधी उघडणार आणि कधी मिटणार, हे कुणाला आधी कळतं?

ऑगस्ट २०२५ घ्या. अमेरिकेनं भारतीय मालावर आयात कर वाढवला, २७ ऑगस्टपासून तो ५० टक्के झाला. कापड निर्यातदार अडचणीत आले. त्यांना दिलासा म्हणून केंद्रानं आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं, आणि ती मुदत संपण्याआधीच ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. पेरणी जूनमध्ये झालेली. शेतात पातीफुलं, बोंडं. वेचणी पुढ्यात. म्हणजे अख्खा मुख्य हंगाम शुल्कमाफीत गेला.

याचा हिशोब करून बघू. समजा बाहेरची रुई खंडीला, म्हणजे ३५६ किलोला, ५५,००० रुपयांनी पडते. ११ टक्के म्हणजे ६,०५०. किलोला साधारण १७ रुपये. एक क्विंटल कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, बाकी सरकी. १७ गुणिले ३४, म्हणजे ५७८ रुपये. शुल्क काढल्यावर आपल्या कापसाच्या भावाची वरची मर्यादा क्विंटलमागे इतकी खाली येऊ शकते. आता त्याच वर्षीची हमीभावातली वाढ आठवा. मे महिन्यात जाहीर झाली होती: ५८९ रुपये, लांब धाग्याला ८,११०. मेमध्ये एका खात्यानं दिलं आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या खात्यानं जवळजवळ तेवढंच बाजारातून उचललं. हमीभाव सीसीआयच्या केंद्रावर मिळतो. पण तिथे नोंदणी, रांग, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. ज्याला दिवाळीआधी देणी भागवायची असतात तो खेडा खरेदीतच विकतो, आणि तिथे भाव वरच्या मर्यादेकडे बघूनच ठरतो.

घाटावरच्यांनाही हे नवं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये, सोयाबीन काढणीला महिना-दीड महिना असताना, जीएम सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली होती.

आता सगळ्यात बोलका कागद. २०१३ च्या बाली परिषदेतून व्यापार सुलभीकरण करार आला, तो २०१७ पासून लागू आहे. त्याचं दुसरं कलम चांगलं आहे: आयात-निर्यातीचे नियम बदलायचे असतील तर आधी माहिती द्या, संबंधितांना मत मांडू द्या, लागू होण्याआधी जाहीर करा. वाचून बरं वाटतं. मग त्याच कलमात खाली अपवाद येतात. शुल्कदरातले बदल वगळले आहेत. दिलासा देणारे बदलही वगळले आहेत. म्हणजे फॉर्म बदलला तर पूर्वसूचना, शुल्क बदललं तर नाही. आणि दिलासा कुणाला? आयात करणाऱ्याला. हा दिलासा ज्याच्या खिशातून जातो, त्याचा त्या वाक्यात उल्लेखच नाही.

गिरणीवाल्यांची बाजूही आहे. सूतगिरणी बंद पडली तर कामगार घरी बसतो, आणि कापूस घेणाराच उरला नाही तर भाव कुठून येणार? बरोबर आहे. पण ५० टक्के कराचा धक्का आला तो साऱ्या साखळीला; त्याचा भार सरकारी तिजोरीनं, निर्यातदारानं आणि शेतकऱ्यानं वाटून घ्यायला हवा होता. इथे साखळीतल्या ज्या एकाजवळ माल थोपवून धरायची ताकद नव्हती, त्याच्याकडे भार सरकवला गेला.

तेव्हा पुढचा जाहीरनामा येईल, फोटो येतील, तेव्हा चार गोष्टी शोधा. कधी? पैसे कुणाचे? नाही केलं तर काय? आणि ज्याला फटका बसेल त्याला आधी कोण सांगणार? आमच्या मते चौथा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि त्यावर मागणीही साधी आहे. पेरणी झाल्यापासून माल विकला जाईपर्यंत त्या पिकाचं आयात शुल्क बदलायचं नाही. बदलायचं असेल तर मे महिन्यात हमीभावाबरोबर जाहीर करायचं. यासाठी जिनिव्हाची परवानगी लागत नाही, केंद्र सरकारचा निर्णय पुरतो. आपले आमदार-खासदार मत मागायला येतील तेव्हा त्यांना आर्थिक मार्गिकेबद्दल जरूर विचारा. पण आधी हे विचारा की पुढच्या जूनमध्ये आम्ही सरकी टोबू तेव्हा डिसेंबरचं शुल्क आम्हाला माहीत असेल का.

आता प्रश्न घेऊ.