मानवतावाद आणि सभेचे राज्य

मानवेंद्रनाथ रॉय यांचे 'न्यू ह्यूमॅनिझम' हे छोटेखानी पुस्तक १९४७ साली प्रसिद्ध झाले. आज ते फारसे कोणी वाचीत नाही. ज्यांनी त्याचे नाव ऐकले आहे त्यांपैकी बहुतेकांचा समज असा, की हा एका निरीश्वरवादी माजी साम्यवाद्याचा जाहीरनामा असून देवळाच्या पायरीशी ज्यांचा नित्य संबंध आहे अशा लोकांना त्याचे काही प्रयोजन नाही. आमचे मत याच्या उलट आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा वेदशास्त्रसंपन्न पंडित ज्या विचाराकडे ओढला गेला, आणि सासवडचे वि. म. तारकुंडे यांच्यासारखा कायदेपंडित, जो पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला, ज्या विचाराला जन्मभर धरून राहिला, तो विचार केवळ 'नास्तिक' या एका शब्दाने निकालात काढता येत नाही. रॉय यांची ईश्वरविषयक मते ज्यांना पटत नाहीत त्यांनीही त्यांचा एक प्रश्न मनावर घ्यावा असा आहे. तो प्रश्न असा : ज्या सत्तेखाली माणूस राहतो त्या सत्तेत त्याचा स्वतःचा वाटा किती?

रॉय यांचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. समाज, राष्ट्र, वर्ग यांना माणसाहून निराळे असे अस्तित्व नाही. सुखदुःख भोगणारा आणि विचार करणारा असतो तो एकटा माणूस. म्हणून कोणत्याही राज्यव्यवस्थेची परीक्षा तिने राष्ट्राला किती वैभव दिले यावर करावयाची नाही, तर एकेका माणसाला किती स्वातंत्र्य दिले यावर करावयाची. या कसोटीवर संसदीय लोकशाहीही अपुरी पडते असे रॉय म्हणतात. मतदार काही वर्षांनी एकदा शिक्का मारतो आणि मधल्या काळात तो निराधार असतो. त्याचे मत पक्षाच्या हाती जाते, आणि पक्षाचे सारे लक्ष सत्ता मिळविण्याकडे व मिळालेली टिकविण्याकडे लागते. रूसो यांनीही १७६२ साली इंग्लंडच्या जनतेविषयी असाच अभिप्राय दिला होता. रॉय यांचे वैशिष्ट्य हे, की त्यांनी नुसती टीका केली नाही, पर्यायही मांडला.

तो पर्याय १९४४ साली त्यांनी तयार केलेल्या स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मसुद्यात अगोदरच आला होता. गावोगावी आणि शहरोशहरी लोकसमित्या असाव्यात, त्यांची निवड दरवर्षी व्हावी, आणि अठरा वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत असावे, अशी त्याची मांडणी आहे. दर पन्नास मतदारांमागे एक सभासद, म्हणजे ज्याचा दरवाजा केव्हाही ठोठावता येईल असा. कायदे सुचविणे, अपात्र ठरलेल्या प्रतिनिधीस परत बोलावणे, सार्वमताची मागणी करणे, हे अधिकार या समित्यांना असावयाचे होते. भारताने अठराव्या वर्षी मताधिकार देण्याची घटनादुरुस्ती १९८८ साली केली, हे ध्यानी घेतले म्हणजे या मसुद्याची दूरदृष्टी लक्षात येते. पक्षावरील आपली टीका रॉय यांनी स्वतःवरही लागू केली. १९४८ च्या डिसेंबरात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला. स्वतः काढलेला पक्ष तत्त्वासाठी मोडणारे राजकीय पुढारी आपल्या इतिहासात फार नाहीत.

आता या प्रतिपादनाची परीक्षा करू. त्याचे बळ कोठे आहे ते समजण्यास गोमंतकीय वाचकाला दूर जावे लागत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जो जनमत कौल झाला, तो स्वतंत्र भारतातील प्रत्यक्ष लोकशाहीचा एक ठळक प्रसंग होय. गोव्यापुरते पाहिले तर ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७० मते पडली, तर संघप्रदेशाच्या दोन पानांना १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचे. त्या दिवशी कोण कोणत्या बाजूस होते याचा हिशेब आज मांडण्याची आमची इच्छा नाही. या मासिकाच्या वाचकांची घरे दोन्हीकडे होती. परंतु एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होईल. एवढा मोठा निर्णय कोणा मंत्रिमंडळाने बंद खोलीत केला नाही, तो लोकांनी केला. आणि ज्यांचा पक्ष हरला त्यांनाही तो निर्णय आपल्या शेजाऱ्यांनी केला आहे हे ठाऊक होते.

तथापि 'कौल' हा शब्द येथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. देवळात कौल लावतात तेव्हा मूर्तीवर पाकळ्या लावून प्रश्न विचारला जातो. पाकळी उजवी पडते किंवा डावी पडते. देव उत्तर देतो, पण प्रश्न देव ठरवीत नाही; तो विचारणारा ठरवितो. १९६७ साली गोव्याची जनता याच अवस्थेत होती. फूल की दोन पाने, एवढेच तिला सांगावयाचे होते. संपूर्ण घटक राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. ते राज्य पुढे वीस वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी, मिळाले. प्रश्नाची शब्दरचना ज्याच्या हाती असते त्याच्या हाती निम्मे उत्तर असते, हे न्यायालयात उलटतपासणी केलेल्या कोणाही वकिलास सांगावे लागत नाही. नुसत्या सार्वमताने जनता राजा होत नाही. प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकारही तिच्याकडे हवा. रॉय यांच्या लोकसमित्यांना हा अधिकार होता. येथपर्यंत आम्ही रॉय यांच्याशी पूर्णपणे सहमत आहोत.

आमचा मतभेद यापुढे सुरू होतो. सत्ता सभेच्या हाती आली की माणूस मुक्त होईल, असे रॉय यांनी कोठे स्पष्ट म्हटलेले नाही. परंतु त्यांचे अनुयायी पुष्कळदा तसे धरून चालतात, आणि पुस्तकाची रचना त्या समजुतीला पोषक आहे. या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे घटना समितीतील भाषण स्मरते. खेड्याला राज्याचा पाया करा असे म्हणणाऱ्यांना त्यांनी कठोर उत्तर दिले. खेडे हे संकुचित वृत्तीचे आणि अज्ञानाचे आगर आहे असे सांगून, घटनेच्या मसुद्याने खेडे टाकून व्यक्ती हे एकक स्वीकारले याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. रॉय आणि आंबेडकर यांचे एकक एकच आहे, माणूस. एकाने त्या माणसाच्या रक्षणासाठी गावाच्या सभेकडे पाहिले; दुसऱ्याने गावाच्या सभेपासूनच त्याचे रक्षण करावयास हवे असे मानले. रॉय यांच्या विचाराची खरी परीक्षा या फरकातच आहे.

स्वित्झर्लंडचे उदाहरण घ्या. प्रत्यक्ष लोकशाहीचे माहेरघर म्हणून त्या देशाचा गौरव होतो, आणि तो अनाठायी नाही. परंतु तेथील पुरुष मतदारांनी १९५९ साली स्त्रियांना मताधिकार देण्यास सार्वमताने नकार दिला. राष्ट्रीय पातळीवर तो अधिकार १९७१ साली मिळाला. आपेन्झेल इनररोडेन या लहानशा प्रांतात तर उघड्या मैदानावर सभा भरते आणि हात वर करून निर्णय होतात. मताधिकाराची खूण म्हणून पुरुषांनी कमरेला तलवार लावून येण्याची तेथे प्रथा आहे. या सभेने १९९० च्या एप्रिलमध्येही स्त्रियांना आपल्यात घेण्यास नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, आणि पुढील वर्षी स्त्रिया त्या मैदानात उभ्या राहिल्या. सभा थेट होती, खुली होती, पक्षविरहित म्हणावी इतकी साधी होती; पण अर्ध्या माणसांना माणूस म्हणून मोजण्याचे काम सभेने केले नाही, ते न्यायालयास करावे लागले.

यावर कोणी म्हणेल की हा दूरदेशीचा प्रकार झाला. तर मग आपल्या घरातच पाहू. गोव्याच्या गावकरीची सभा पोर्तुगिजांच्याही आधीची आहे. अफोन्सो मेशिया याने १५२६ साली तिच्या रूढी लेखनिविष्ट केल्या. जमीन गावाची, उत्पन्न गावाचे, निर्णय गावकारांच्या बैठकीत. देवस्थानांची महाजनकीही याच वळणाची. १९३३ साली तिला लेखी नियमांची चौकट मिळाली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा खाडीपार फोंड्याच्या बाजूस सुरक्षित नेणारी, परक्या आणि प्रतिकूल राजवटीत देवाचा संसार सांभाळणारी जी सामूहिक शक्ती, तिला आम्ही मनोभावे वंदन करतो. तेथे पक्ष नव्हता, निवडणुकीचा गाजावाजा नव्हता, प्रतिनिधीची मध्यस्थी नव्हती. रॉय यांना जे हवे होते त्यातील बरेचसे आपल्या पूर्वजांपाशी होते.

परंतु एकक कोणते होते? एकक कुळ होते. हक्क बापाकडून मुलाकडे जाई. मुलगी देवळात ओटी भरी, परंतु चौकातील बैठकीत तिला आसन नसे. पालखीचे भोई, वाजंत्री, देवाच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या राबलेली घराणी, यांच्या खांद्यावर उत्सव उभा राही, आणि उत्सवाचा जमाखर्च त्यांच्यासमोर वाचला जात नसे. सभा प्रत्यक्ष होती, लोकशाही होती काय? रॉय यांच्या कसोटीवर, एकेका माणसाच्या स्वातंत्र्याच्या कसोटीवर, याचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते. म्हणजे प्रत्यक्ष सभा आणि मानवतावाद या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिली असून दुसरी नसू शकते, हे आपल्या इतिहासानेच दाखविले आहे.

या अडचणीवर रॉय यांचे उत्तर शिक्षणाचे आहे. माणसाची विवेकबुद्धी जागी होईल, सांस्कृतिक पुनरुज्जीवन होईल, मग सभा आपोआप न्यायी होईल. आणि आरंभीच्या काळात सूत्रे आत्मिक दृष्ट्या मुक्त अशा व्यक्तींच्या हाती असावीत, अशी त्यांची अपेक्षा आहे. आमच्या मते पुस्तकाचा सर्वांत दुबळा भाग हाच. मुक्त कोण आणि बद्ध कोण हे ठरविणार कोण? प्रत्येक गावच्या महाजनांनी स्वतःस असेच शहाणे व निःस्पृह मानले होते. समोरच्या दाराने घालविलेली महाजनकी या अपेक्षेमुळे मागच्या दाराने परत येते. रॉय यांच्या घटनेच्या मसुद्यात हक्कांची सनद आहे हे खरे. परंतु समितीनेच एखाद्याचा हक्क हिरावला तर त्याने जावे कोठे, हा प्रश्न १९४७ च्या पुस्तकात जितक्या ठळकपणे यावयास हवा होता तितका येत नाही. शिक्षण अवश्य हवे. पण ज्याचा हक्क आज बुडाला त्याला पुढच्या पिढीच्या विवेकाचे आश्वासन पुरत नाही. त्याला दाद मागण्याची जागा आज हवी.

सभा आणि न्यायालय यांची सांगड पडली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण २०१३ साली ओडिशातील नियमगिरी डोंगरात दिसले. डोंगरिया कोंध लोक ज्या डोंगरास देव मानतात तेथील बॉक्साइट खणावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने त्या वर्षी एप्रिलमध्ये निर्णय दिला, की लोकांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा आणि त्या कामी जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने निरीक्षक म्हणून उपस्थित राहावे. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. ज्या २००६ च्या वनहक्क कायद्याखाली हे घडले, त्यात गावातील सर्व प्रौढ माणसे ग्रामसभेचे घटक मानली असून स्त्रियांचा पूर्ण व अनिर्बंध सहभाग व्याख्येतच लिहिला आहे. देवासाठी भरलेली ही सभा होती, हे आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. कोणाला मोजावयाचे हे कायद्याने आधी ठरविले, निर्णय सभेने केला, आणि सभेवर न्यायाचा डोळा राहिला. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून एका दुर्गम डोंगरातील माणसांचा शब्द चालला.

तात्पर्य, रॉय यांचे पुस्तक आम्ही टाकाऊ मानीत नाही. राज्याचे एकक माणूस हा त्यांचा सिद्धांत आम्हांस मान्य आहे. सत्ता माणसाच्या जवळ आणली पाहिजे हेही मान्य आहे. मात्र जवळची सत्ता दूरच्या सत्तेहून नेहमीच सौम्य असते हा भ्रम आहे. शेजाऱ्याचा जुलूम दिल्लीच्या जुलमाहून अधिक जाचक होऊ शकतो, कारण त्यापासून पळून जाण्यास जागा नसते. म्हणून प्रत्यक्ष लोकशाहीची मागणी करणाऱ्याने तिच्याबरोबरच सभेविरुद्ध एकट्या माणसाच्या हक्काचीही मागणी केली पाहिजे.

ही मागणी ग्रामपंचायतीपासून करण्यापूर्वी आपल्याला एक सोपी सुरुवात करता येईल. आपल्या देवस्थानाची पुढची सर्वसाधारण सभा भरेल तेव्हा जमलेल्या मंडळींनी क्षणभर चौकाकडे नीट पाहावे. कोण बसले आहेत हे आपण दरवर्षी पाहतोच, आणि वहीत त्यांच्या सह्याही घेतो. या खेपेस कोण बसलेले नाहीत, आणि कोणत्या कारणाने, याची एक यादी करावी. ती यादी सभेपुढे वाचण्याचे धैर्य ज्या गावाला होईल, त्या गावाला रॉय यांचे पुस्तक कळले असे आम्ही समजू, मग ते कोणी वाचलेले असो वा नसो.