धवळे आणि धवलेरी

मराठी वाङ्मयांतील स्त्रीकवितेचा इतिहास सांगतांना महदंबेच्या धवळ्यांपासून आरंभ करण्याची रीति आहे, आणि ती योग्यच आहे. ऋद्धिपुरीं गोविंदप्रभूंना लग्नाची हौस वाटली. त्या प्रसंगीं, तेराव्या शतकांत, महदंबेनें कृष्णरुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले आणि महानुभावांनीं ते जपून ठेविले. गाणें लग्नाचें, गाणारी स्त्री आणि प्रसंग घटकाभराचा. तरीहि सातशें वर्षांनंतर त्याला आम्ही वाङ्मय म्हणतों, याचें कारण त्या गाण्याच्या गुणांत जितकें आहे तितकेंच तें कोणीं तरी टिपून ठेविलें यांतहि आहे.

त्याच मराठी मुलुखांत, मुंबईहून उत्तरेस अवघ्या कांहीं तासांच्या वाटेवर, डहाणू, तलासरी, जव्हार या तालुक्यांत वारली लोकांची दाट वस्ती आहे. हा भाग पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडे. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. वारल्यांच्या परंपरागत लग्नाला भटजी लागत नाहीं. तें लग्न लावते धवलेरी. गाणीं तीच म्हणते आणि विधीचा क्रमहि तीच सांभाळते. घरांतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानें चौक काढतात; त्याच्या मध्यभागीं पालघाट देवी असते आणि भोंवतीं सूर्य, चंद्र, शिडी, फणी. 'धवलेरी' हा शब्द कानीं पडतांच महदंबेच्या धवळ्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु एकीचें नांव आमच्या पाठ्यपुस्तकांत आहे आणि दुसरीचें आमच्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलेलेंहि नाहीं.

या लग्नाचें एक अंग मात्र जगप्रसिद्ध झालें, तें म्हणजे चित्र. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या प्रोत्साहनानें हें चित्र भिंतीवरून कागदावर उतरलें. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनीं त्या कागदावर शेत, मासळीचें जाळें, तारप्याचा नाच असें आपलें अवघें जग उभें केलें. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. वारली चित्रकलेला २०१४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. ज्या लोकांना शतकानुशतकें कोणीं विचारलें नाहीं त्यांच्या घरीं या कलेनें मान आणि चार पैसे आणिले, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे.

परंतु भिंतीवरून कागदावर येतांना चित्राची दोन माणसें मागें राहिलीं: एक तें काढणारी सवाशीण आणि दुसरी तें गाणारी धवलेरी. चौक मुळांत बायकांचा. कागदावर प्रथम गाजलीं तीं नांवें पुरुषांचीं. गाण्याला तर कागद मिळालाच नाहीं म्हटलें तरी चालेल. आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत भला थोरला वारली पडदा आहे. मधल्या चौकटींत कोण, असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते सहज म्हणाले, "अहो, ती नक्षी आहे!" ती नक्षी म्हणजे पालघाट होती. दोष आमच्या स्नेह्यांचा नव्हे. देवीला नक्षी होण्यापासून वांचविणारें तिचें गाणें आम्हां लिहिणारांनींच त्यांच्यापर्यंत पोंचविलें नाहीं.

नोंदी झाल्याच नाहींत, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ सालीं निघाला. बोलींची तुलना करतां यावी म्हणून त्या पाहणींत ठराविक नमुना घेतला तो बायबलांतील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा. व्याकरणाची सोय झाली. पण ज्या बोलींना स्वतःच्या गोष्टींचा तोटा नव्हता त्यांच्या तोंडीं परक्याची गोष्ट घातली गेली. पुढें १९४५ सालीं के. जे. सावे यांचें 'द वारलीज' आलें, आणि १९८८ सालीं यशोधरा दालमिया यांनीं 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' या ग्रंथांत चित्र आणि विधि यांचें नातें उलगडून दाखविलें. या दोघांचें ऋण मोठें आहे. परंतु दोन्ही पुस्तकें इंग्रजींत आहेत. मराठीच्या इतक्या जवळच्या बोलींतील गाणें मराठी वाचकाला इंग्रजीच्या वळणानें भेटावें, याला दैव म्हणावें कीं आळस?

सावे यांचें पुस्तक निघालें त्याच १९४५ सालीं वारल्यांनीं वेठबिगारीविरुद्ध कंबर कसली. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकांत सांगितली आहे. 'लग्नगडी' हा शब्द सुशिक्षित वाचकाला कळला तो अशा लेखनामुळें. लग्नासाठीं जमीनदाराकडून थोडे रुपये कर्जाऊ घ्यावयाचे आणि त्यापायीं नवराबायकोनें वर्षानुवर्षें त्याच्या दारीं राबावयाचें, असा तो प्रकार होता. ज्या मांडवांत धवलेरी गात असे, त्या मांडवाच्याच खर्चांत नवऱ्याचें स्वातंत्र्य गहाण पडत असे. गाणीं गोळा करणारानें हें कर्ज टिपलें नाहीं, तर त्याच्या संग्रहांत निव्वळ गोडवा उरेल. आणि लढ्याचा इतिहास लिहिणारानें गाणें गाळलें, तर दुःखापलीकडे त्या माणसांजवळ कांहीं नव्हतेंच असें वाटेल. दोन्ही नोंदी एकाच पानावर हव्यात.

कोणी म्हणेल, रूढि बदलावयाच्याच. उद्यां धवलेरीऐवजीं बँड वाजला तर तो त्यांचा हक्क आहे, आणि छापलेलें गाणें म्हणजे दाबून वाळविलेलें फूल. यांतील पहिली गोष्ट आम्हांस पूर्ण मान्य आहे. कोणा वारली मुलीनें केवळ आमच्या हौशीसाठीं धवलेरी व्हावें, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु नोंद ठेवणें म्हणजे कोणाला जुन्यांत कोंडणें नव्हे. महदंबेचे धवळे आज किती लग्नघरांत गाइले जातात? तरी ते आमचे आहेत, आणि हवे तेव्हां उघडून वाचतां येतात. ही सोय वारली मुलीच्या नातीलाहि असावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

नोंद कशी असावी, याचेंहि तारतम्य हवें. बोली 'शुद्ध' करूं नये. मूळ शब्द वर आणि मराठी अर्थ खालीं असावा. आवाज मुद्रित करावा, कारण गाण्याचा अर्धा अर्थ चालींत असतो. गाणारीची संमति असेल तर तिचें नांव, पाडा आणि प्रसंग लिहावा. 'एक आदिवासी वृद्धा' एवढ्यावर भागवूं नये. जें मांडवाबाहेर जाऊं नये असें ती म्हणेल, तें खुशाल सोडून द्यावें. पहिली प्रत तिच्या गांवच्या शाळेंत ठेवावी, आणि लिहिणारा शक्य तों वारलीच असावा. हें काम मराठीच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादकत्वाखालीं २०१३ सालीं मराठींत निघाला, आणि त्यांत आदिवासी बोलींनाहि जागा मिळाली. त्या वाटेवर पुढचें पाऊल गाण्यांचें असावें.

महदंबेला तिचे शब्द जपणारीं माणसें तिच्याच पंथांत भेटलीं. धवलेरीच्या घरींहि आज लिहितीं मुलें आहेत. त्यांच्या हातीं वही आणि मुद्रणयंत्र देणें, आणि त्यांनीं लिहिलेलें आदरानें छापणें, एवढें तरी आमच्याकडून व्हावें. पडदे आमच्या घरीं पुष्कळ झाले.