कर्णाची पेटी आणि समीक्षेचा साचा

अश्व नदी, मग चर्मण्वती, यमुना, गंगा आणि शेवटी अंगदेशातली चंपानगरी. मेणाने लिंपलेल्या पेटीतून तान्ह्या कर्णाचा हा प्रवास महाभारताच्या वनपर्वात येतो. 1909 साली व्हिएन्नाच्या ऑटो रांकने वीरपुरुषांच्या जन्मकथांवर छोटेखानी पुस्तक लिहिलं, तेव्हा सारगॉन, मोझेस, ईडिपस, रोम्युलस यांच्या पंगतीला त्याने कर्णालाही बसवलं. थोर कुळात जन्म, पाण्यात सोडून देणं, परक्या घरी वाढणं, पुढे बापावर सूड आणि अखेर मानमरातब, असा रांकचा साचा.

रांक फ्रॉइडच्या गोटातला. त्या गोटातून फुटलेल्या युंगने सामूहिक अबोधाची कल्पना मांडली, आणि मराठीत ‘आदिबंध’ (आर्किटाइप) हा शब्द रुजला तो मुख्यतः त्याच्या वाटेने. म. सु. पाटील यांनी आदिबंधात्मक समीक्षेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. पुढे मात्र ही समीक्षा बऱ्याचदा खुणा करण्यावर थांबली. नदी दिसली की माता, जंगल आलं की अबोध, म्हातारा भेटला की ज्ञानवृद्ध. प्रबंधाचं एक प्रकरण त्यात भरतं. कादंबरी होती तिथेच राहते.

खरी गंमत साचा बिघडतो तिथे आहे. युद्धाच्या तोंडावर आधी कृष्ण आणि मग कुंती कर्णाला त्याचं कूळ सांगतात. राज्य आणि पाच भाऊ समोर आयते उभे असताना तो अधिरथ-राधेचं नातं सोडत नाही. रांकच्या यादीत या नकाराला जागाच नाही. मराठी लेखकांनी मात्र नेमकं तेच धरलं. 1967 साली शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ आला, त्याच वर्षी इरावती कर्व्यांचा ‘युगान्त’. एकात कर्ण प्रभावळीसह उभा, तर दुसऱ्यात बाई त्याच्या उणिवा एकेक करून मोजतात. दोन्ही कर्ण एकाच पेटीतले!

ययातीचंही तसंच. ईडिपस बापाला मारतो. इथे बापच मुलाचं तारुण्य मागून घेतो. हा उलटा बंध ए. के. रामानुजन यांनी दाखवून दिला. खांडेकरांच्या 1959च्या ‘ययाति’वर लिहिताना मात्र आपल्याकडे भोगवाद आणि संयमाचीच चर्चा जास्त झाली.

नुसत्या खुणा करण्यापलीकडची दुसरी रीत रा. चिं. ढेऱ्यांनी ‘लज्जागौरी’त दाखवली. शिरोहीन मूर्ती, वारूळ, रेणुका-यल्लम्मा यांचे धागे त्यांनी गावोगावच्या पूजाविधींतून जुळवले. त्यांची आदिमाता ठिकाणासकट येते.

आणि एक प्रसंग मोजदादीतून कायम निसटतो. परशुरामाकडे विद्या मिळावी म्हणून कर्ण जात लपवतो. किडा मांडी पोखरतो, गुरूची झोप मोडू नये म्हणून तो हलत नाही, आणि त्या सोसण्यानेच पकडला जातो. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या 1963च्या संग्रहातल्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुणही जात लपवतो. कर्णाच्या जन्माचं गुपित कृष्ण फोडतो तेव्हा त्याला निदान सिंहासन तरी देऊ केलं जातं. या तरुणाला मार बसतो. लपवलेल्या कुळाचा तोच बंध, फळ मात्र उलटं. रांकला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. मराठी समीक्षकाला तशी सबब नाही. कर्णावरच्या पुढच्या प्रबंधात त्याने बागुलांसाठी एक प्रकरण राखून ठेवावं.