‘आमचा’ तारक आणि ‘माझा’ तारक

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’शी आपल्यापैकी बहुतेकांचा परिचय मराठीच्या स्तुतीपर ओव्यांपुरताच असतो. शाळेत त्या ओव्या पाठ करून घ्याव्यात, एका इंग्रज पाद्र्याने आपल्या भाषेचा केवढा गौरव केला असे म्हणून धन्यता मानावी आणि ग्रंथ मिटावा, अशी परंपराच पडून गेली आहे. वस्तुतः सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात कवीला सांगावयाचे आहे ते मराठीविषयी नव्हे. परमेश्वराने मनुष्यावर प्रीती केली आणि त्या प्रीतीपायी तो स्वतः मनुष्य होऊन मरण पावला, हे त्याला सांगावयाचे आहे. हे सांगणे मराठीत कितपत उतरले, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

या विचाराला एक व्याकरणाची बाजू आहे. नव्या करारातील संत पौलाच्या पत्रांत ख्रिस्ताच्या प्रीतीविषयी बोलताना बहुधा ‘आपण’, ‘आम्ही’ अशी अनेकवचने येतात. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात एके ठिकाणी तो एकाएकी एकवचनावर येतो : देवपुत्राने माझ्यावर प्रीती केली, माझ्यासाठी स्वतःस दिले, अशा आशयाचे ते विधान आहे. ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म या वचनबदलात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जगावरील प्रीती हा सिद्धान्त झाला. ती माझ्यावर आहे हे कळणे ही ओळख झाली. सिद्धान्त कोणत्याही भाषेत सांगता येतो. ओळख सांगावयाची तर भाषा आतून हलावी लागते.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे, मुख्यतः साष्टीत, राहिला. त्याचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. ग्रंथाची मांडणी संवादाची आहे. जुनी पुराणे हातची गेली, आता वाचावे-ऐकावे असे काही द्या, अशी मागणी नवख्रिस्ती ब्राह्मण श्रोता करतो आणि पाद्री-गुरू कथा सांगू लागतो. पुराण म्हटले की श्रोतृवृंद आला, आणि श्रोतृवृंद आला की ‘आम्ही’ आले. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याचे धैर्य या कवीने दाखविले. अंकवारी मरियेच्या दुःखाला त्याने मराठी आईचे दुःख केले. परंतु तो जे देतो ते मुख्यतः कथेचे वैभव. श्रोत्यांपैकी कोणी एकजण उठून ‘हे माझ्यासाठी झाले’ असे म्हणेल, अशी जागाच या रचनेत नाही.

यास कवीचे वैगुण्य म्हणावे काय? मला तसे वाटत नाही, कारण त्या भूमीचा इतिहास विसरून चालणार नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेज्वीट मारले गेले. त्याची हकीगत स्टीफन्सने आपल्या भावास पत्राने कळविली होती. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनाही प्राणांस मुकावे लागले. ज्या श्रोत्याचे जुने ग्रंथ सत्तेच्या धाकाने गेले, त्याच्या तोंडी ‘देव माझ्यावर प्रीती करतो’ हे वाक्य घालणे सोपे नव्हते, आणि घातले असते तरी ते खरे वाटते ना. प्रीतीची ओळख सक्तीने होत नाही. ज्या राजवटीच्या छत्राखाली हा ग्रंथ छापला गेला, तिनेच १६८४ साली देशी भाषांविरुद्ध हुकूम काढला. ग्रंथ टिकला तो मंगळूरकडील ख्रिस्ती घरांतील हस्तलिखितांतून व पठणातून. त्या घरांत तो ‘आपला’ झाला होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

‘मी’ मराठीत आला तो फार पुढे, आणि प्रथम गद्याशी झगडणाऱ्या एका विदुषीच्या जीवनात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली वाँटेज येथे झाला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, त्या वेळी ख्रिस्ताचा धर्म हाती आला होता, ख्रिस्त नव्हे. तो पुढे सुमारे आठ वर्षांनी लाभला. धर्मांतराच्या चरित्रांत इतका प्रामाणिक हिशेब क्वचितच आढळतो. बुद्धीला पटलेले सत्य आणि आपल्या नावाने आलेली हाक यांतील अंतर त्यांनी वर्षांत मोजून दाखविले.

हेच अंतर काव्यात ओलांडण्याचा मोठा प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग हाती धरला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. येथे समीक्षकाने थोडे कठोर झाले पाहिजे. टिळकांच्या दुबळ्या अभंगांत विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त घातला की काम भागते. माउलीची ऊब येते, क्रूसाचा खिळा येत नाही. वारकरी संप्रदायात देव भक्ताची वाट पाहत नाही असे तर मुळीच नाही. जनाबाईसह दळावयास बसणारा देव आपण सारे जाणतो. मग ख्रिस्ती अनुभवाचे निराळेपण कशात? मी त्याला प्रिय होण्याजोगा नसतानाच त्याने माझ्यासाठी मोल दिले, या जाणिवेत. जेथे टिळकांना या ऋणाचा भार जाणवतो तेथे त्यांचा अभंग एकदम सख्याशी केलेल्या बोलण्यासारखा साधा व निःसंकोच होतो. १९१७ साली त्यांनी स्थापिलेला ‘देवाचा दरबार’, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, हा याच जाणिवेचा कृतीतील अवतार होय.

तथापि या ओळखीचे सर्वांत निर्मळ मराठी लेखन कोणत्याही कवितेत नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. पतीने न सांगता धर्म बदलला, संसार उधळला, आणि त्या दुःखातून ही बाई पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःच्या पायांनी त्याच धर्मात आली. आपल्या सोवळ्याची त्या थट्टा करतात. घरात येणाऱ्या अनाथ मुलांविषयी त्या अशा लिहितात की जणू भाजी निवडता निवडता बोलत आहेत. देवाच्या प्रीतीवर त्या प्रवचन करीत नाहीत. ज्याच्यावर प्रीती झाली आहे असे माणूस कसे वागते, एवढेच दिसते.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले. ज्या ख्रिस्ताने एके काळी आपला नवरा नेला असे त्यांना वाटत होते, त्याचीच कथा त्यांनी नवऱ्याच्या मागे लिहिली. काव्य म्हणून हा भाग ‘स्मृतिचित्रां’ची बरोबरी करीत नाही. महाकाव्याच्या शिस्तीत त्यांनाही स्वतःस बाजूला ठेवावे लागले, आणि स्टीफन्सच्या श्रोत्यांप्रमाणे त्याही पुन्हा कथेच्या काठावर जाऊन बसल्या.