मैदानात दिसलेले गणित किती खरे?

मधल्या सुट्टीत लगोरीसाठी गट पाडणारी पहिली-दुसरीची मुले एकदा लक्ष देऊन पाहावीत. दोघे भिडू पुढे उभे राहतात. बाकीची मुले जोडीजोडीने बाजूला जातात, गुपचूप नावे ठरवतात आणि 'चंद्र हवा की सूर्य?' असे विचारत परत येतात. शेवटी एखादे मूल उरते. ते कच्चा लिंबू होते. या सर्व प्रकारात कोणीही मोजत नाही. तरीही दोन्ही गट सारखे झाले याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. यांतल्याच काही मुलांना वर्गात फळ्यावरच्या ठिपक्यांच्या दोन ओळी दाखवून 'दोन्हीकडे सारखे आहेत का?' असे विचारले, तर ती गोंधळतात. मग त्यांना समसंख्येची कल्पना आहे, असे म्हणायचे की नाही?

हा प्रश्न नवा नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांच्या संख्याविषयक कल्पनांवरचे आपले पुस्तक १९४१ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केले. त्यांचा प्रयोग शिक्षकांच्या परिचयाचा आहे. समोरासमोर दोन सारख्या ओळी मांडायच्या, मुलाकडून 'सारख्या' असे वदवून घ्यायचे, मग एका ओळीतल्या वस्तू दूरदूर पसरून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. पाच वर्षांची बरीच मुले लांब ओळीत जास्त वस्तू आहेत असे सांगतात. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही अक्षय्यतेची कल्पना या वयात तयार झालेली नसते, असा निष्कर्ष पियाजे यांनी काढला.

एडिंबरो येथील मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली 'चिल्ड्रन्स माइंड्स' या पुस्तकात या निष्कर्षावर नेमके बोट ठेवले. मोठ्या माणसाने मुद्दाम वस्तू हलवल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मुलाला वाटते की आता उत्तर बदलायला हवे. म्हणजे मूल संख्येबद्दल नव्हे, तर प्रश्न विचारणाऱ्याच्या मनाबद्दल तर्क करीत असते. त्यांचे सहकारी जेम्स मॅकगॅरिगल यांनी वस्तू हलवण्याचे काम एका खोडकर टेडी अस्वलावर सोपवले. अस्वल खोक्यातून बाहेर येई आणि ओळ विस्कटून टाकी. चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांच्या या प्रयोगात नेहमीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले.

हे पुस्तक शिक्षणविचारात महत्त्वाचे ठरले, आणि ते योग्यच आहे. 'मुलाला येत नाही' असे म्हणण्यापूर्वी 'आपण विचारले कसे?' हे तपासायला त्याने शिकवले. मुलाला अर्थपूर्ण वाटणाऱ्या प्रसंगात त्याची समज अधिक खुलून दिसते, या त्यातील प्रतिपादनाशी आमचे मुळीच भांडण नाही. परंतु त्यावरून जो सोपा अर्थ घेतला जातो, त्याबद्दल मात्र आमचा आक्षेप आहे. 'मुलाला खेळू द्या, गणित आपोआप दिसेल' हा तो अर्थ होय.

आक्षेपाचे कारण साधे आहे. प्रयोगशाळेत आम्ही नमुन्याच्या नळीबरोबर एक कोरी नळीही ठेवतो. कोऱ्या नळीतही रंग दिसला, तर नमुन्यातल्या रंगाला काही अर्थ उरत नाही. अस्वलाच्या प्रयोगात अशी कोरी नळी नव्हती. १९८६ मध्ये मूर आणि फ्राय या संशोधकांनी ती ठेवली. त्यांच्या अस्वलाने कधी एखादी वस्तू खरोखरच वाढवली किंवा काढून घेतली. संख्या बदललेली असतानाही बरीच मुले 'सारखेच' म्हणाली. अस्वलाच्या गमतीत त्यांचे ओळीकडे लक्षच नव्हते. तेव्हा पहिल्या प्रयोगातल्या बरोबर उत्तरांपैकी काही समजेतून आली असतील आणि काही दुर्लक्षातून.

मैदानाचेही असेच आहे, आणि या चुकीतून आम्हीही सुटलेलो नाही. एका बालवाडीच्या अंगणात चिंचेखाली एक मुलगी मैत्रिणीबरोबर चिंचोके वाटून घेत होती. 'एक तुला, एक मला' असे तिचे बिनचूक चालले होते. आम्ही लगेच वहीत लिहिले, 'समान वाटणी समजते.' शेजारच्या बाईंनी मैत्रिणीचे चिंचोके मोजायला लावले. सात भरले. 'मग तुझे किती?' मुलगी आपले मोजू लागली. बाईंनी तिच्या चिंचोक्यांवर हात ठेवून म्हटले, 'न मोजता सांग.' उत्तर आले, 'पाच!' आम्ही वहीतली ओळ खोडली.

फ्रायडमन आणि ब्रायंट यांनी १९८८ मध्ये चार वर्षांच्या मुलांमध्ये असेच पाहिले होते. वाटणी अचूक, पण एक वाटा मोजल्यावर दुसराही तेवढाच असणार, हे अनेकांना सुचले नाही. म्हणजे कृती हाताला येते, तिचा संख्येशी सांधा नंतर जुळतो. शिकवण्याची जागा नेमकी तो सांधा आहे.

या चर्चेला आज व्यावहारिक महत्त्व आहे. २०२२ च्या पायाभूत स्तरासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकणे आणि निरीक्षणातून मूल्यमापन यांवर भर दिला आहे. धोरण स्वागतार्ह आहे. पण निरीक्षण म्हणजे काय, हे स्पष्ट नसेल तर केवळ रकाने भरले जातील. त्यासाठी आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, घडले ते आणि आपण लावलेला अर्थ वेगवेगळे लिहावेत. 'एकेक करून वाटले' हे निरीक्षण झाले; 'वाटणी समजते' हे अनुमान. दुसरी, कोरी नळी ठेवावी. लगोरीचे सात चपटे दगड एकदा नुसते दूरदूर मांडावेत. दुसऱ्या वेळी एक काढून उरलेले तितक्याच लांबीत मांडावेत. 'सगळे आहेत का? कसे ओळखलेस?' असे विचारावे. दोन्ही प्रसंगांतला फरक जो ओळखतो, त्याला ती गोष्ट कळली असे मानायला आधार मिळतो. तिसरी, गटाच्या यशाचे श्रेय प्रत्येक मुलाला देऊ नये. जोड्या पाडणारे मूल बहुधा एकच असते. बाकीची त्याच्यामागे जातात.

पूर्वी चुकीच्या प्रश्नामुळे जाणत्या मुलावर 'येत नाही' असा शिक्का बसे. आता घाईच्या कौतुकामुळे अडखळणाऱ्या मुलापुढे 'येते' असे लिहिले जाईल आणि त्याला हवी असलेली मदत मिळणारच नाही. पहिली चूक निदान मुलाच्या चेहऱ्यावर दिसत असे. दुसरी दिसतही नाही. म्हणून तिच्याबद्दल अधिक सावध राहायला हवे.